तंजावरचा राजवाडा: तुमच्याकडून सारखे येणारे प्रश्न

तंजावरला जाऊन आलेले, जाणारे, आणि "तिकडे आपले मराठे होते म्हणे" एवढंच ऐकलेले, असे तिन्ही प्रकारचे लोक तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवतोय. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, खाली खाली जरा किचकट. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. तंजावरचा राजवाडा नक्की कुठे आहे आणि ती एकच इमारत आहे का?

तामिळनाडूत, तंजावर शहराच्या जुन्या भागात, बृहदीश्वराच्या मोठ्या देवळापासून दीडेक किलोमीटरवर. एकच इमारत नाही, हे आधी डोक्यात ठेवा नाहीतर आत गेल्यावर गडबडायला होतं. चौक, दरबार, मनोरे, ग्रंथालय, म्युझियम, राहती घरं, सरकारी ऑफिसं असं सगळं एकाला एक चिकटून वाढत गेलंय, कारण दोन वेगळ्या राजघराण्यांनी तीनशेहून जास्त वर्षं तिथे बांधकाम केलं. पूर्वी याच्याभोवती मोठा किल्ला होता, आणि मोठं देऊळ ज्याच्यात आहे तो शेजारचा छोटा किल्ला, शिवगंगा कोट्टै. मोठ्या किल्ल्याची तटबंदी बऱ्याच ठिकाणी गेलीये पण गल्ल्यांची नावं आणि वळणं अजून किल्ल्याचीच आहेत.

२. हा राजवाडा मराठ्यांनीच बांधला ना?

सुरुवात मराठ्यांनी केली नाही. सुरुवात नायकांची. विजयनगरच्या साम्राज्यात तंजावरला नायक घराणं बसलं, शेवप्पा नायक पहिला, सोळाव्या शतकात, आणि राजवाड्याचा गाभा त्यांच्याच काळातला आहे. पुढे रघुनाथ नायक आणि विजयराघव नायक यांनी त्यात भर घातली. मराठे आले ते १६७६ च्या सुमारास, त्यांनी जुना वाडा पाडला नाही, तोच वापरला, दुरुस्त केला आणि त्याला आपले दरबार, मजले, चित्रं जोडत गेले. "मराठा पॅलेस" अशी पाटी वाचून आपल्याला बरं वाटतं हे खरंय, मलाही वाटतं, पण नायकांचं श्रेय नायकांना दिलंच पाहिजे. उंच मनोरे, संगीत महाल, जाड खांबांचा जुना दरबार हे मुळात त्यांचं.

३. पण मराठे एवढ्या लांब पोचलेच कसे?

थोडक्यात सांगतो. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाने तंजावर घेतलं, विजयराघव नायक लढताना मारला गेला, आणि मरण्याआधी त्याने जनानखाना सुरुंगाने उडवायला लावला अशी हकीकत आहे. नायकांचा एक लहान वारस, चेंगमलदास, वाचला, त्याच्या बाजूची माणसं विजापूरकडे मदत मागायला गेली. विजापूरने पाठवले व्यंकोजीराजे भोसले, म्हणजे शहाजीराजे आणि तुकाबाई यांचा मुलगा, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. व्यंकोजींनी मदुरेवाल्यांना हाकललं, आणि थोड्याच दिवसात स्वतःच गादीवर बसले. तिथल्या कागदांत त्यांना एकोजी म्हणतात, माणूस तोच. तिथून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळपास एकशे ऐंशी वर्षं, तंजावर भोसल्यांकडे होतं.

४. शिवाजी महाराज स्वतः या राजवाड्यात आले होते का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून लोकांचा हिरमोड होतो. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी महाराज कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेला तिरुमळवाडीपर्यंत आले, व्यंकोजीराजांना तिथे बोलावून घेतलं, वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा मागितला. बोलणी काही दिवस चालली, मग एका रात्री व्यंकोजी गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. महाराजांनी ठरवलं असतं तर पाठोपाठ जाऊन तंजावर घेता आलं असतं, पण ते गेले नाहीत. त्याच वर्षी पुढे व्यंकोजींनी महाराजांच्या मागे राहिलेल्या फौजेवर हल्ला केला, हरले, आणि शेवटी तह झाला, त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंचा शहाणपणा खूप कामी आला. तेव्हा वाड्यात कोणी महाराजांची बसायची जागा दाखवली तर मान डोलवा आणि पुढे चला.

५. सरफोजी किती? आणि तंजावरचे शिवाजी कोण? फार गोंधळ होतो.

होतोच, कारण नावं घराण्यात फिरत राहतात. क्रम असा धरा: व्यंकोजींनंतर त्यांचे मुलगे एकामागून एक, शहाजी (१६८४ ते १७१२), पहिले सरफोजी (१७२८ पर्यंत), तुकोजी उर्फ पहिले तुळजाजी (१७३६ पर्यंत). मग तीन वर्षं गादीचा नुसता खेळखंडोबा. मग प्रतापसिंह (१७३९ ते १७६३), दुसरे तुळजाजी (१७८७ पर्यंत, मधली १७७३ ते १७७६ ही वर्षं अर्काटच्या नवाबाने तंजावर बळकावलं होतं ती), अमरसिंह (१७९८ पर्यंत), दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) आणि शेवटचे शिवाजी (१८३२ ते १८५५). हे शिवाजी म्हणजे दुसऱ्या सरफोजींचे चिरंजीव. ग्रंथालय, पुतळा, डोळ्यांचे आजार वगैरे जे "सरफोजी" तुम्ही ऐकता ते सगळे दुसरे सरफोजी. सरभोजी, शरभोजी, शरभेंद्र ही पण त्यांचीच नावं, पाट्यांवर वेगवेगळी दिसतील.

६. शनिवारवाडा किंवा कोल्हापूरचा नवा राजवाडा बघितलाय, तसंच दिसेल का?

अजिबात नाही. आपल्याकडच्या वाड्यात सागवानी लाकूड, कोरीव खांब, कडीपाट, चौसोपी चौक असतो. तंजावर कावेरीच्या खोऱ्यात आहे, भातशेतीचा गाळाचा प्रदेश, त्यामुळे इथलं मुख्य साहित्य वीट आणि चुना. जाड विटांचे खांब, त्यावर मोठमोठ्या कमानी, कमानींवर घुमट किंवा वळवलेलं छत, आणि वरून चुन्याचा घोटलेला गिलावा. चुन्यातच देव, यक्ष, सिंह, पक्षी, वेलबुट्टी घडवून मग रंगवलेली. घाट बघाल तर तीन हात एकत्र दिसतात: वरचे मनोरे देवळाच्या शिखरासारखे द्राविडी, कमानी आणि घुमट बहामनी-विजापुरी वळणाचे, आणि नंतरच्या काळात युरोपियन खिडक्या आणि खांब. मराठी वाड्याची खूण शोधायला गेलात तर निराश व्हाल, ती भिंतीत नाही, दरबारच्या चित्रांत आणि कागदांत आहे (७ आणि ११ बघा).

बाहेरून बऱ्याच भागांची अवस्था वाईट आहे हेही सांगतो. गिलावा पोपडे धरून पडलाय, काही ठिकाणी कमानींतून पिंपळ उगवलाय. दुरुस्ती होते पण चुन्याच्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत अडकते आणि जुनं काम अजून लवकर सुटतं, म्हणून जिथे चुन्यानेच काम केलंय तिथे थांबून बघा, फरक डोळ्याला कळतो.

७. मराठा दरबार हॉलमध्ये नेमकं काय बघायचं? आम्ही पाच मिनिटात बाहेर आलो.

पाच मिनिटात कळणार नाही. हा दरबार व्यंकोजींचे मुलगे शहाजी राजे यांच्या काळातला, १६८४ च्या सुमाराचा. चौकाच्या एका बाजूने पूर्ण उघडा मंडप आहे, आत भपकेदार रंगवलेले खांब, लाल-हिरवे-पिवळे पट्टे, आणि पाकळ्यांसारख्या कापलेल्या कमानी. आधी मधे उभं राहून वर बघा. छताला आणि कमानींच्या वरच्या भागात चुन्यातल्या उठावाच्या आकृत्या आहेत, देव, देवता, सेवक, नुसतं सपाट चित्र नाही, बोट घालता येईल इतका उठाव. मग मागच्या भिंतीकडे जा, तिथे राजा बसायचा तो उंच चौथरा आहे. आता थोडं लांब सरकून बघा की खांबांच्या ओळी तुमची नजर कुठे नेतात: थेट त्या चौथऱ्याकडे. चौकात उन्हात उभ्या माणसाला आत सावलीत बसलेला राजा दिसावा आणि दोघांमधे रंगांचं एक जंगल असावं अशी ती रचना आहे. सकाळी गेलात तर रंग नीट दिसतात.

८. वाड्यात देवळाच्या शिखरासारखं उंच काय आहे? आत देव आहे का?

देव नाही. ते गूडगोपुरम, आठ मजली, लोक त्याला शस्त्रागाराचा मनोरा पण म्हणतात कारण १८५५ पर्यंत तिथे हत्यारं ठेवायचे आणि वरून टेहळणी करायचे. लांबून मोठ्या देवळाच्या विमानाची, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखराची, आठवण येते आणि ते काही अपघाताने झालेलं नाही, या प्रदेशात उंच बांधायचं म्हटलं की गवंड्यांच्या हातात देवळाचाच घाट होता. दुसरा जो कमानीच कमानी असलेला उघडा मनोरा दिसतो तो माडमाळिगै, त्याला घंटेचा मनोरा म्हणतात. वर चढू देतात की नाही हे दुरुस्तीच्या कामावर असतं, गेटवर विचारा. चढायला मिळालंच तर जिने अरुंद आणि अंधारे आहेत, लहान मुलं आणि गुडघेदुखीवाल्यांना खालीच थांबवा.

९. संगीत महालात खरंच आवाज घुमत नाही का?

नायकांच्या काळातला हॉल आहे, गाण्या-नाचण्यासाठीच बांधलेला, आणि आवाज सगळीकडे स्वच्छ पोचावा याचा विचार त्यात केलेला आहे. पण तुम्ही जाल तेव्हा शाळेची सहल आली असेल तर काही कळणार नाही. गर्दी कमी असताना एकाने एका टोकाला हळू बोला आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला ऐका, यापेक्षा वेगळी टेस्ट नको.

१०. दुसऱ्या सरफोजींचं एवढं कौतुक का? त्यांनी तर राज्य इंग्रजांना दिलं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्र धरल्याशिवाय हा वाडा समजत नाही. दुसऱ्या तुळजाजींनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतलं, पण गादी अमरसिंहांकडे गेली आणि पोरगा जवळपास कैदेत. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांची सोडवणूक केली, मद्रासला पाठवून शिकवलं. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने गादीवर बसवलं, आणि त्याची किंमत १७९९ च्या तहात वसूल केली: राज्याचा कारभार कंपनीकडे, राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास हातात राज्य नाही पण पैसा, वेळ आणि मोठा वाडा आहे. अशा वेळी बहुतेक संस्थानिकांनी काय केलं ते आपल्याला माहीत आहे. या माणसाने वाड्याचं विद्यापीठ करून टाकलं. धन्वंतरी महालात वैद्य, हकीम आणि युरोपियन डॉक्टर यांना एकत्र बसवून औषधं तपासली, डोळ्यांच्या रोग्यांचे केस पेपर ठेवले आणि त्यात दुखऱ्या डोळ्याचं रंगीत चित्र काढून घेतलं. देवनागरी टाइपचा छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, तेव्हा पुण्यात पेशवाई अजून चालू होती. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ त्यांच्याच दरबारचे, आज भरतनाट्यमचा जो मार्गम, म्हणजे कार्यक्रमातल्या नृत्यांचा ठरलेला क्रम, शिकवतात तो त्यांनी बसवलेला. राज्य गेल्याचं दुःख आहेच, पण तंजावरचे कागद टिकले ते याच माणसामुळे.

११. सरस्वती महालात एवढं काय आहे?

हे ग्रंथालय म्हणजे राजवाड्याचं काळीज. हस्तलिखितं नायकांच्या काळापासून जमत होती, दुसऱ्या सरफोजींनी ती प्रचंड वाढवली, काशीयात्रेला गेले तेव्हाही पोथ्या मिळवून आणल्या. सगळ्यात जास्त संस्कृत, मग तमिळ, मराठी, तेलुगू. मराठी हस्तलिखितंच तीन हजारांवर आहेत. ताडपत्रं आणि कागद दोन्ही. १८७० च्या दशकात बर्नेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृत पोथ्यांची यादी केली तेव्हा युरोपला या खजिन्याची जाणीव झाली, आणि १९१८ मध्ये ते सार्वजनिक ग्रंथालय झालं.

पर्यटकाला पूर्ण ग्रंथालय बघता येत नाही, शेजारी छोटं म्युझियम आहे तिथे निवडक वस्तू मांडल्यात. त्यात काशीच्या घाटांची चित्रं बघा, आणि माणसाचा चेहरा आणि जनावराचा चेहरा शेजारी शेजारी ठेवून काढलेली ल ब्रूँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं. राजाने इंग्रजी पुस्तकांवर स्वतःच्या हाताने केलेली सही मिळाली तर तिथे थांबा. शिकारीचं बक्षीस मिरवावं तसं नव्हे, पुस्तक वाचायला घेणाऱ्याने करावी तशी सही आहे ती.

१२. मोडी कागद पण तिथेच आहेत का? अभ्यासाला मिळतात का?

दरबारचा रोजचा कारभार मोडीत चालायचा, हिशोब, पगार, देवळांचे खर्च, छत्रांचे (म्हणजे धर्मशाळा-अन्नछत्रांचे) खर्च, कोणाला किती तांदूळ. हे कागद अफाट आहेत. काही सरस्वती महालात, काही तंजावरच्या तमिळ विद्यापीठात गेलेत, आणि तिथल्या लोकांनी मोडी शिकून त्यातल्या बऱ्याच कागदांचं तमिळमध्ये भाषांतर केलंय. हे वाचून आपण मराठी लोकांनी थोडं अस्वस्थ व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. मोडी येणाऱ्या तरुण मुलामुलींनी तिकडे जावं, काम पिढ्यानपिढ्या पुरेल एवढं आहे. अभ्यासकाला रीतसर अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, संस्थेचं किंवा गाइडचं पत्र सोबत ठेवा.

१३. राजवाड्यात व्हेल माशाचा सांगाडा का ठेवलाय? राजाने मारला होता का?

नाही हो. राजांचा काही संबंध नाही. १९५५ मध्ये तरंगमबाडीच्या किनाऱ्याला मेलेला व्हेल लागला, त्याचा ९२ फुटी सांगाडा इथे आणून ठेवला. लहान मुलांना सगळ्यात जास्त हाच आवडतो.

१४. आर्ट गॅलरी बघावी का? ती तर चोळांची आहे ना, राजवाड्याची नाही.

बघाच. १९५१ मध्ये सुरू झाली, नायकांच्या दरबारात आणि आसपासच्या दालनांत, गावोगावच्या देवळांतून आणि जमिनीतून निघालेल्या मूर्ती इथे आणल्या. दुसऱ्या सरफोजींचा हात जोडलेला पांढरा संगमरवरी पुतळा पण याच दरबारात उभा आहे. पण ज्याच्यासाठी जायचं ती तिरुवेंकाडूची वृषभवाहन शिवमूर्ती, १०११ च्या सुमाराची. नंदी आता नाहीये. त्यामुळे शिव एक पाय दुसऱ्यावर टाकून रिकाम्या हवेत कोपर टेकवून उभा आहे, आणि डोक्यावर केसांचं पागोटं, त्यातून साप निघालेले. नंदी नसताना सुद्धा तो तिथे आहे असं वाटतं, कारण सगळं वजन त्या कोपरावर दिलंय. हजार वर्षांपूर्वीच्या ओतकामाची ही पातळी आहे.

१५. १८५५ नंतर काय झालं? वंशज आहेत का, मालक कोण?

शेवटचे शिवाजीराजे ऑक्टोबर १८५५ मध्ये वारले, मुलगा नव्हता. कंपनीने मुलीचा वारसा मानला नाही, राज्यपद संपल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी वाड्यात सैनिक घालून खासगी दागिने, मालमत्ता सुद्धा जप्त केली. थोरल्या राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत, मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तिथे जिंकल्या. मग कंपनी लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपिलाच्या कोर्टात, गेली आणि १८५९ मध्ये निकाल उलटा लागला: ही सार्वभौम सत्तेची राजकीय कृती आहे, यात कोर्टाला पडता येत नाही. कायदा शिकणाऱ्यांना ही केस आजही अभ्यासाला असते. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता घराण्याला परत केली.

म्हणून आज मालकीचं उत्तर एका वाक्यात येत नाही. आर्ट गॅलरी, ग्रंथालय आणि काही इमारती सरकारी व्यवस्थेखाली आहेत, काही भाग भोसले घराण्याकडे आहे, वंशज अजून तिथे राहतात आणि त्यांचं छोटं म्युझियम पण आहे. म्हणूनच आत वेगवेगळी तिकिटं लागतात, त्यावरून काउंटरवर भांडू नका. आणि बंद दार दिसलं तर ते कोणाचं तरी घर आहे हे लक्षात ठेवा.

१६. हा राजवाडा वर्ल्ड हेरिटेज आहे ना?

नाही. बृहदीश्वर मंदिर आहे, १९८७ पासून. राजवाडा त्या यादीत नाही, दोन्ही एकाच शहरात असल्यामुळे घोळ होतो.

१७. सांबार याच राजवाड्यात जन्मलं हे खरं का?

गोष्ट अशी सांगतात की आमसुलं संपली म्हणून शहाजी राजांच्या मुदपाकखान्यात आमटीत चिंच घातली, पाहुणे होते संभाजी महाराज, म्हणून सांबार. गोष्ट गोड आहे पण या मेजवानीची त्या काळातली नोंद नाही, तेव्हा फॉरवर्ड करताना "असं सांगतात" एवढं तरी लिहा. खाण्याचा खरा पुरावा हवा असेल तर दुसऱ्या सरफोजींच्या मुदपाकखान्याचं मराठी पाकशास्त्राचं हस्तलिखित सरस्वती महालात आहे, ते छापूनही निघालंय.

१८. तंजावरात अजून मराठी बोलतात का?

बोलतात, घरात. तंजावरी मराठीत जुने शब्द टिकलेत आणि तमिळची लय आलीये, पहिली दोन मिनिटं कान लावावा लागतो मग सगळं कळतं. ही माणसं आता चेन्नई, बंगळूर, परदेशात सगळीकडे पसरलीत. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच समाजातले, जन्म कुंभकोणमचा. आणि बडोद्याचा धागा तिथेच संपत नाही: १८८० मध्ये सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या मुलीशी झालं, त्या पहिल्या चिमणाबाई, आणि त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला गेले.

१९. किती वेळ ठेवायचा आणि कसं जायचं?

जवळचं विमानतळ तिरुचिरापल्ली, तिथून रस्त्याने साधारण दीड तास. चेन्नईहून रात्रीची ट्रेन सोयीची. टूरवाले राजवाड्याला अर्धा-पाऊण तास देतात तो पुरत नाही, निदान अर्धा दिवस ठेवा: सकाळी दरबार आणि मनोरे, मग सरस्वती महालचं म्युझियम, शेवटी आर्ट गॅलरी. दुपारी मधे काही भाग बंद असतात आणि सुट्टीचे वार वेगवेगळे आहेत, आदल्या दिवशी फोन करून विचारा.

२०. मोठ्या देवळात मराठी शिलालेख आहे म्हणतात, तो राजवाड्यातून बघायला जमेल का?

तो वाड्यात नाही, देवळाच्या आवारात आहे, नैऋत्येच्या कोपऱ्याकडच्या भिंतीवर. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा पूर्ण इतिहास मराठीत कोरून घेतला, जगातल्या सगळ्यात लांब शिलालेखांत त्याची गणती करतात. गर्दी सगळी विमानाकडे असते, इकडे फारसं कोणी फिरकत नाही. घराण्यातली नावं ५ नंबरच्या उत्तरात दिलीयेत, ती मोबाइलवर उघडी ठेवून वाचायला लागा. उन्हात दगड तापतो, देवळात अनवाणी असता, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी चारनंतर जा.